शाळेबाहेरचे तास आणि परवान्याचा प्रश्न
(दिव्यांग मुलांच्या संदर्भात एक अभ्यास)

मुलाचे शिक्षण शाळेच्या घंटेबरोबर सुरू होते आणि घंटेबरोबरच संपते, असा एक समज समाजात रूढ आहे. निवासी शाळेत वाढलेल्या कोणालाही तो पटणार नाही. सकाळची प्रार्थना, भोजनगृहातील पंगत, संध्याकाळचे खेळ, रात्रीचा अभ्यास, आजारपणात उशाशी बसलेला सोबती या साऱ्यांतून विद्यार्थी घडतो. कोल्हापूरचे १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह असो की बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास उघडलेले वसतिगृह असो, वर्गाबाहेरच्या तासांची व्यवस्था झाल्याशिवाय वंचितांच्या मुलांचे शिक्षण टिकत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

ही गोष्ट दिव्यांग मुलाच्या बाबतीत अधिकच खरी आहे. शाळा पाच-सहा तासांची असते. उरलेल्या वेळात हे मूल कोठे असते, कोणाबरोबर असते आणि काय करते? आईवडील दोघेही मजुरीला जात असतील तर ते घरात एकटे असते, किंवा धाकट्या बहिणीची शाळा त्याच्यासाठी बंद होते. या गरजेतूनच अलीकडे संध्याकाळचे वर्ग, दिवसभराची देखभाल केंद्रे, वाचा-उपचार व व्यायामोपचार केंद्रे, सुट्टीतील शिबिरे आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी हस्तव्यवसायाचे वर्ग शहरांतून व तालुक्याच्या गावांतून सुरू झाले आहेत. ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु असे केंद्र कोणी काढावे, कोणाच्या परवानगीने काढावे आणि त्यावर देखरेख कोणी ठेवावी, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

परवाना म्हणजे नेमके काय?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. एखाद्या केंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद दिसला की पालक निश्चिंत होतात. परंतु तो कागद कशाचा आहे हे वाचले पाहिजे. तीन वेगवेगळे कागद असतात आणि त्यांचे अर्थही वेगवेगळे आहेत.

पहिला कागद संस्थेच्या नोंदणीचा. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि १९५० चा सार्वजनिक न्यास व्यवस्था अधिनियम यांखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ही नोंद होते. संस्था अस्तित्वात आहे, तिला विश्वस्त आहेत व तिला हिशेब द्यावे लागतात, एवढेच त्यावरून कळते. तिच्याकडे मुले सांभाळण्याची सोय आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दुसरा कागद व्यक्तीच्या नोंदणीचा. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आदी व्यावसायिकांची नावे परिषदेच्या नोंदवहीत असावी लागतात. हा कागद त्या व्यक्तीच्या शिक्षणाची ग्वाही देतो. ती ज्या जागेत काम करते त्या जागेची ग्वाही तो देत नाही.

तिसरा कागद म्हणजे खरा परवाना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याने त्या संस्थेस दिलेले नोंदणी प्रमाणपत्र. जागा, सोयी, मनुष्यबळ व दर्जा यांची चौकशी करून ते दिले जाते. मुलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. आणि पाहण्याचा राहून जातो तोही बहुधा हाच.

दयेकडून हक्काकडे

आपल्या देशात दिव्यांग मुलांसाठीचे कार्य प्रथम मिशनऱ्यांनी व खासगी दात्यांनी सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुंबईस मूकबधिर मुलांची आणि अमृतसर येथे १८८७ मध्ये अंध मुलांची शाळा निघाली. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठी १९७२ मध्ये मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटीचे कार्य उभे राहिले. आजही महाराष्ट्रातील बहुसंख्य विशेष शाळा स्वयंसेवी संस्थाच चालवितात. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेत एक उणीव राहून जाते. दात्याला जाब विचारणे हा कृतघ्नपणा समजला जातो, आणि जेथे जाब विचारता येत नाही तेथे दुर्बलाचे रक्षण योगायोगावर अवलंबून राहते. शतकानुशतके उपकाराच्या ओझ्याखाली ज्यांना गप्प बसविले गेले, त्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी शासकीय साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख केला. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत विकलांगांच्या साहाय्याचा विषय घालून तो राज्यांकडे सोपविण्यात आला. १९५६ मध्ये स्त्रिया व मुले यांच्या संस्थांना परवाना सक्तीचा करणारा केंद्रीय कायदा झाला, आणि १९६० मध्ये अनाथालये व धर्मादाय गृहे यांच्यावर देखरेख ठेवणारा कायदा आला. दिव्यांगांसाठीचा स्वतंत्र कायदा मात्र १९९५ मध्ये झाला. त्यात सात प्रकारच्या विकलांगता होत्या व संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती.

कायदा असला तरी त्याची अंमलबजावणी झाली नाही तर काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. मनोरुग्णांसाठीच्या एका खासगी आश्रयगृहास आग लागली. आतील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांपैकी २८ जण मृत्युमुखी पडले. तेथे दर्ग्याच्या परिसरात अशी अनेक गृहे परवान्याविना चालू होती, ती त्यानंतर बंद करण्यात आली व सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मरण पावलेले रुग्ण प्रौढ होते. परंतु ज्याला पळता येत नाही आणि ज्याचे ओरडणे कोणी मनावर घेत नाही, अशा प्रत्येकाला लागू पडणारा हा धडा आहे.

आपल्याच राज्यात २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोली येथील बौद्धिक दिव्यांग मुलींच्या एका खासगी निवासी संस्थेतील लैंगिक अत्याचार उघडकीस आले, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरविले. ज्या मुलींना आपले दुःख शब्दांत मांडणे कठीण, त्यांच्या वतीने दाराआड डोकावून पाहण्याचे काम बाहेरच्या कोणीतरी नियमाने केले पाहिजे. परवाना व तपासणी या व्यवस्थेचे मूळ प्रयोजन हेच आहे.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. या कराराचा १६ वा अनुच्छेद सांगतो की, दिव्यांगांसाठी चालविल्या जाणाऱ्या सर्व सोयींवर व कार्यक्रमांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख असली पाहिजे. ‘कार्यक्रम’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण केवळ इमारती व वसतिगृहे डोळ्यांसमोर ठेवून ही तरतूद लिहिलेली नाही. ३० व्या अनुच्छेदाने खेळ, करमणूक व फुरसतीचे उपक्रम यांत दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सहभागाचा हक्क दिला आहे. म्हणजे संध्याकाळचा खेळ ही मेहेरबानी राहत नाही. तो हक्क ठरतो.

या कराराशी सुसंगत असा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने विकलांगतेचे २१ प्रकार मान्य केले. त्याच्या नवव्या प्रकरणात, कलम ४९ ते ५५ मध्ये, संस्थांच्या नोंदणीचा विचार आहे. त्यातील मुख्य मुद्दे असे :

१. सक्षम प्राधिकाऱ्याच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठीची संस्था काढता अथवा चालविता येत नाही.

२. ‘संस्था’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. दिव्यांगांना दाखल करून घेणे, त्यांची देखभाल, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन आणि त्यांच्यासाठीचे अन्य कोणतेही उपक्रम हे सर्व तिच्यात येते.

३. राज्य शासनाने ठरविलेल्या सोयी व दर्जा पुरविण्यास संस्था समर्थ असल्याखेरीज प्रमाणपत्र देता येत नाही. अर्ज आल्यापासून ९० दिवसांत प्रमाणपत्र द्यावयाचे असते. ते नाकारावयाचे असल्यास अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेऊन लेखी कारणे द्यावी लागतात.

४. प्रमाणपत्र ठराविक मुदतीचे असते, मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि ते संस्थेत ठळक जागी लावणे बंधनकारक असते.

५. खोटी माहिती दिल्यास किंवा अटी मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होते. तसे झाल्यास तेथील दिव्यांग व्यक्तींना पालकांच्या स्वाधीन करण्याचा वा दुसऱ्या संस्थेत हलविण्याचा आदेश देता येतो. निर्णयाविरुद्ध अपील करता येते.

६. नोंदणीकृत संस्थांना शासन आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत साहाय्य देऊ शकते.

याच्या जोडीला बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आहे. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी किंवा मुलांसाठीची अन्य कोणतीही सोय चालविणाऱ्यांनी मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कंत्राटी असला तरी, ठराविक काळाने पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे. संस्थेच्या व्यवस्थापनाने वा कर्मचाऱ्याने केलेला, तसेच मुलाच्या विकलांगतेचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. अशी घटना माहीत असून न कळविणे हाही गुन्हा आहे.

कोठे अडते?

कागदावर पाहता व्यवस्था पुरेशी वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग व्यक्ती २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. एवढ्या मोठ्या समूहासाठी कायदा लागू होऊनही व्यवहारात तीन ठिकाणी अडचण राहते.

पहिली अडचण ओळखीची. वसतिगृह व विशेष शाळा या ‘संस्था’ म्हणून डोळ्यांसमोर येतात, परंतु भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारा सायंवर्ग, उपचार केंद्र किंवा पंधरा दिवसांचे शिबिर हेही ‘अन्य उपक्रम’ या शब्दांत बसते, हे चालकांच्या व पालकांच्या लक्षात येत नाही. शिकवणी वर्गांच्या नोंदणीसंबंधी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या खऱ्या. परंतु त्यांचा रोख पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांवर आहे, आणि क्रीडा, नृत्य, नाट्य यांसारखे उपक्रम त्यांतून वगळले आहेत. दहा-बारा दिव्यांग मुलांचा वर्ग त्या जाळ्यात येतच नाही. त्याला आधार २०१६ च्या अधिनियमाचाच.

दुसरी अडचण समानतेची. कलम ५४ नुसार केंद्र वा राज्य शासनाने स्थापन केलेल्या किंवा चालविलेल्या संस्थांना हे नोंदणीचे प्रकरण लागू नाही. शासकीय केंद्रातील मूल आणि खासगी केंद्रातील मूल यांच्या सुरक्षिततेत फरक करण्याचे समर्थनीय कारण दिसत नाही. आग लागते तेव्हा ती इमारतीचा मालक कोण, हे पाहत नाही.

तिसरी अडचण धाकाची. अधिनियमाचा भंग प्रथम केल्यास दंड १० हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० हजार ते ५ लाख रुपये. तपासणीच होत नसेल तर पहिल्या दंडाची भीती मोठ्या व्यावसायिकास वाटत नाही. कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालके दगावली. त्या अनुभवाच्या आधारे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित इमारतीत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. मान्यतेचा कागद आणि सुरक्षित छप्पर यांत अंतर पडू शकते, हे विसरता कामा नये.

जपानचा अनुभव

शाळेबाहेरच्या तासांसाठी स्वतंत्र परवाना-व्यवस्था कशी असते, हे पाहावयाचे तर जपानचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे बालकल्याण कायद्यात सुधारणा होऊन एप्रिल २०१२ पासून शाळेत जाणाऱ्या ६ ते १८ वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरची व सुट्ट्यांतील सेवा सुरू झाली. प्रांताच्या राज्यपालाने अधिकृत केलेल्या केंद्रालाच ती चालविता येते. केंद्रे लहान असतात. साधारण दहा मुलांची. प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा करून किमान सहा महिन्यांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून येतो. कुटुंबाने एक दशांश द्यावयाचा, तोही उत्पन्नानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंतच.

या योजनेत खासगी कंपन्या मोठ्या संख्येने उतरल्या आणि केंद्रे झपाट्याने वाढली. त्याबरोबर तक्रारीही आल्या. काही ठिकाणी मुलांना नुसते दूरचित्रवाणीपुढे बसवून ठेवले जात होते. तेव्हा शासनाने २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पात्रतेच्या अटी कडक केल्या. केंद्राने दरवर्षी पालकांचे मत घेऊन स्वतःचे मूल्यमापन जाहीर केले पाहिजे, असा नियम झाला.

यावरून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, परवाना व निधी हातात हात घालून आले तरच केंद्रे गरिबांच्या दारापर्यंत पोहोचतात. दुसरी, परवाना एकदा देऊन भागत नाही; मुलाचा वेळ कसा जातो यावर सतत लक्ष ठेवावे लागते, आणि त्या कामात पालकांना अधिकृत स्थान असावे लागते. आपल्याकडे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अंतर्गत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘दिशा’ आणि त्यापुढील वयासाठी ‘विकास’ या दिवसभराच्या केंद्रांच्या योजना आखल्या गेल्या. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी त्या आहेत. अशा योजनांची मागणी आपल्या तालुक्यात किती जणांनी केली आहे, हे आपणच पाहावे.

एक गंभीर आक्षेप

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका लेखण्याजोगा नाही. विहाराच्या सभागृहात किंवा वस्तीतील समाजमंदिरात एखादी सेवानिवृत्त शिक्षिका आठ-दहा दिव्यांग मुलांना विनामूल्य शिकविते. तिला अग्निशमन दाखला, उताराचा मार्ग, स्वतंत्र प्रसाधनगृह, प्रशिक्षित कर्मचारी अशा अटी घातल्या तर वर्ग बंद पडेल आणि मुले पुन्हा घरात कोंडली जातील. नियम श्रीमंत संस्थांना परवडतात, गरिबांच्या वर्गांना ते मारक ठरतात, असे यामागचे म्हणणे आहे.

यात तथ्य आहे. परंतु यावरून ‘गरीब मुलांसाठी कमी सुरक्षितता चालेल’ असा निष्कर्ष काढला तर तो आपल्या चळवळीच्या मूळ विचाराशीच विसंगत ठरेल. आपल्या मुलांना दुय्यम दर्जाची शाळा, दुय्यम दर्जाचे पाणी आणि दुय्यम दर्जाची वागणूक पुरेशी आहे, हे म्हणणे आपण कधीच मान्य केले नाही. मग दुय्यम दर्जाची सुरक्षितता तरी का मान्य करावी?

माझ्या मते मार्ग पायऱ्यांचा आहे. दर्जा ठरविण्याचा अधिकार कायद्याने राज्य शासनाला दिला आहे, तेव्हा राज्याच्या नियमांत पुढील भेद करता येईल. पालक सोबत असताना आठवड्यातून काही तास चालणाऱ्या वर्गासाठी सोपा एकपानी अर्ज व चालकांची पोलीस पडताळणी पुरावी. पालकांच्या अनुपस्थितीत रोज चालणाऱ्या केंद्रासाठी जागेची पाहणी, प्रशिक्षित व्यक्ती आणि वार्षिक तपासणी असावी. जेथे मूल रात्री राहते, किंवा जेथे त्याला स्नान, शौच, औषध यांसाठी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहावे लागते, तेथे सर्व अटी पूर्णपणे लागू कराव्यात. दाराची रुंदी, उतार, अग्निशामक नळकांडे यांसाठी लागणारा पैसा नोंदणीकृत संस्थांच्या साहाय्याच्या तरतुदीतून, म्हणजे कलम ५५ खाली, मागावा. परवाना मागणाऱ्या लहान वर्गाला साहाय्य देणे हे शासनाचे काम आहे; आणि ते मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हे समाजाचे.

पालकांनी काय विचारावे?

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. पुण्यास दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तक्रार वा चौकशी कोठे करावी, याचे उत्तर त्यामुळे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. परंतु पहिली चौकशी केंद्राच्या दारातच झाली पाहिजे. मुलाला कोणत्याही वर्गात, केंद्रात अथवा शिबिरात पाठविण्यापूर्वी पालकांनी पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत :

• २०१६ च्या अधिनियमाखालील नोंदणी प्रमाणपत्र कोठे लावले आहे? त्याची मुदत केव्हा संपते?

• शिकविणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद आहे काय?

• वाहनचालक व मदतनीस यांच्यासह सर्वांची पोलीस पडताळणी झाली आहे काय?

• माझ्या मुलासोबत एका वेळी किती मोठी माणसे असतात? शौचास कोण नेते? त्या वेळी दुसरे कोणी जवळ असते काय?

• आग लागल्यास चाकांच्या खुर्चीतील मूल बाहेर कसे येईल? तशी तालीम झाली आहे काय?

• मी पूर्वसूचना न देता केव्हाही येऊ शकतो काय?

• माझ्या मुलासाठी काय ठरविले आहे, आणि ते कितपत साधले, हे मला केव्हा सांगाल?

यांपैकी शेवटून दुसऱ्या प्रश्नाला नकार मिळाला तर पुढचे काही विचारण्याची आवश्यकता नाही. ज्या केंद्राचे दार पालकास बंद आहे, तेथे मूल ठेवू नये. काही वावगे आढळल्यास १०९८ या बालक साहाय्य क्रमांकावर कळवावे.

समारोप

या शाळेतून शिकून गेलेले अनेकजण आज शासकीय सेवेत, वकिलीत, वैद्यकीय व अभियांत्रिकी क्षेत्रांत आहेत. एखादा माजी विद्यार्थी अभियंता वस्तीतील वर्गाचा जिना व दार तपासून देऊ शकतो; वकील नोंदणीचा अर्ज लिहून देऊ शकतो; ग्रामपंचायतीचा सदस्य असलेला कोणी समाजमंदिरास उतार बांधण्याचा ठराव मांडू शकतो. या कामांना मोठा निधी लागत नाही, थोडा वेळ लागतो.

परवाना हा संस्थाचालकाला होणारा त्रास आहे, किंवा शासनाने त्याच्यावर केलेली मेहेरबानी आहे, या दोन्ही समजुती आपण टाकून दिल्या पाहिजेत. जे मूल स्वतःच्या सुरक्षिततेची हमी मागू शकत नाही, त्याच्या वतीने समाजाने मागितलेली ती लेखी हमी आहे. आपल्या मुलांसाठी अशी हमी मागण्यास आपण कचरलो नाही, म्हणूनच आज येथवर पोहोचलो. आता ज्यांना बोलता, चालता, ऐकता किंवा समजून घेता येणे कठीण जाते, त्या मुलांसाठी हीच मागणी करणे हे आपले कर्तव्य आहे.